चिमणीले रिंगणात नेलं तो दिवस

माह्या बायकोचा भाऊ महादेवराव नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्याचा व्यापारी. त्याले बीगल कुत्र्यायचं भारी वेड. सिव्हिल लाइन्सच्या एका म्हाताऱ्या साहेबाकडून त्यानं दोन पिल्लं आणली. राजा सोताजवळ ठेवला अन् चिमणी आम्हाले देल्ली, आमच्या गावी कुहीले. "भाऊजी, एकच जात आहे," म्हणे. कप्पाळ एकच!

राजा ठेंगणा, छातीनं भरलेला, डोकं जड, थुतरी चौकोनी. कान ओढले तरी हूं की चूं नाई. चिमणी हडकुळी, पायानं उंच, नाक सदा जमिनीले. सशाचा वास लागला का असा गळा काढे, का अर्धं गाव म्हणे, निघाली रुपरावाची चिमणी! अन् माही लेक देवकी तिच्यामागं, धानाच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं लांब ढांगा टाकत. वीस वर्षाची पोट्टी, पण धावताना दहाची दिसे.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात नागपुरात कुत्र्यायचा शो होता. त्याच दिवशी दुपारी देवकीले पाहाले तिथल्याच महाल भागातले लोक महादेवरावाच्या घरी येणार होते. याच्या आधी तिघं पाहून गेले, तिघायचाही नकार आला. खरं सांगतो, मले घोर लागला होता. महिनाभर मीच तिले अंगणात चालवत होतो. "बारकी पावलं टाक वं. मान खाली. वावरात चालली का तू?" बिचारी चाले.

त्या दिवशी सकाळी आम्ही चिमणीसकट नागपुरात पोचलो, तर महादेवराव म्हणे, "भाऊजी, चिमणीलेबी रिंगणात उतरवू. बक्षीस आलं का पाहुण्यायपुढं आपली वट राहीन." मलेबी पटलं. अक्कल चराले गेली होती आमची, दुसरं काय!

राजा टेबलावर उभा राहिला तर पुतळाच. जजसाहेबानं दात पाहिले, पाठ दाबली, चालवून पाहिलं. झाला पहिला. मंग देवकी चिमणीले घेऊन आली. चार पावलं नीट चालली चिमणी, अन् कायचा वास आला कोण जाणे, नाक खाली घालून तिनं जो गळा काढला, देवकीले खेचत थेट मांडवाबाहेर नेलं. लोकं पोट धरून हसले. देवकीबी हसून राहिली होती. मले मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जजसाहेब भला माणूस. मले बाजूला घेऊन म्हणाले, "कुत्री उत्तम आहे हो. पण ही शिकारीच्या घराण्यातली. दिवसभर धावावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेली. हलकं अंग, लांब पाय, तिखट नाक. त्या राजाचं घराणं रूपासाठी निवडलेलं. इथं मी रूप तपासतो. तुम्ही हिला आणलंत कशाला?"

मी चिमणीची दोरी हातात घेतली अन् तिथून निघालो.

दुपारी पाहुणे आले. पोरगा श्रीधर, शाळेत मास्तर. संग त्याची माय शोभाताई अन् दोन मामे. पोहे झाले, नाव-गाव झालं. मंग शोभाताई म्हणाल्या, "जरा चालून दाखव बाई."

देवकी उठली. मान खाली, बारकी बारकी पावलं, जशी मी शिकवली तशीच. दाराशी वळली अन् तशीच परत आली. मले जजसाहेब आठवले. सकाळी कुत्री चुकीच्या जागी नेली म्हणून ऐकून घेतलं, अन् पोटच्या पोरीले मीच उभं करून राहिलो होतो लोकायपुढं.

"बस देवके!" मी वरडलो. "पुरे झालं. नाई चालाची माही पोट्टी!"

मामे उठले, त्यायच्यामागं शोभाताई अन् श्रीधर. महादेवराव तर डोक्याले हात लावून बसला.

संध्याकाळी आम्ही एसटी पकडाले निघालो. देवकी चिमणीची दोरी धरून पुढं चालत होती. मले वाटलं, बापानं सोडवलं म्हणून मनातून खूश असन. सहज इचारलं, "कसा वाटला वं पोट्टा तुले?"

ती थांबलीच. "आता इचारता बाबा?" डोळे भरून आले तिचे. "चार जण पाहून गेले, मले कोणी नाई इचारलं. हा चांगला होता. सगळे माह्याकडं पाहत होते तवा यानं मान खाली घातली होती. त्यालेच लाज वाटून राहिली होती."

अरे देवा! रागाच्या भरात मी तिचंच नुकसान करून बसलो होतो.

तिले महादेवरावाकडं परत सोडलं अन् तसाच महालात गेलो. दार शोभाताईनं उघडलं. मी हात जोडले. "बाई, मी तापट माणूस. पण पोट्टीत खोट नाई. तसं चालाले तिले मीच शिकवलं. ती ढांगा टाकत चालते, धुऱ्यावर धावते, मोठ्यानं हसते. तिले तुमचा पोरगा पसंत आहे. तुमच्या घरी अशी पोरगी चालत असन त सांगा, नाईतर जातो मी."

त्यायचा हात कडीवरच होता. मले वाटलं, आता दार लावतात.

"मलाही चालवलं होतं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं झाली. दहा बायका पाहत होत्या. माझे बाबा तिथंच बसले होते, पण बोलले नाहीत काही." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "अन् आज मीच तुमच्या पोरीला उठवलं. या व्याही, आत या. श्रीधर माझ्यावर रागावलाय, दुपारपासून जेवला नाही."