छातीवरचा गुडघा

काशिनाथसारखा भित्रा बाप रत्नाबाईंनी साऱ्या तालुक्यात बघितला नव्हता. गाव सोडून तमिळ मुलखात आल्यावर श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात अख्खी इंजिनं उचलणाऱ्या यंत्रापुढं हा गडी आठ-आठ तास उभा राहायचा, आणि वेस्ट मांबलमातल्या दातांच्या दवाखान्याचा जिना चढायला ह्याला कठडा धरावा लागायचा. पोटचा पोरगा म्हणायची लाज वाटत होती म्हातारीला.

सहा वर्षांच्या देविकाचा गाल पिठाच्या गोळ्यागत सुजला होता. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. दोनदा बापलेक खुर्चीपर्यंत जाऊन तसेच माघारी आले, म्हणून आज म्हातारी पदर खोचून स्वतःच निघाली होती.

पोरगी खुर्चीत शहाण्यासारखी बसली. तोंडसुद्धा उघडलं. काशिनाथ तिचा हात धरून, काय न्हाई व्हत, काय न्हाई व्हत, असं पुटपुटत राहिला. त्याच्या तळहाताला असा घाम सुटला होता, की पोरीनं वळून त्याच्या तोंडाकडं बघितलं. झालं. जबडा मिटला तो मिटलाच.

डॉक्टरीणबाई तमिळमधनं काहीतरी बोलल्या. घरात तमिळ फाडफाड यायचं ते देविकालाच. तिनं दात न उघडता आजीला सांगितलं, "पप्पांनी बाहेर बसायचंय."

काशिनाथ हलला नाही. लेकराला एकटं कसं सोडू, म्हणाला. म्हातारीनं दंड धरून ओढला, तरी हलला नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी हत्यारं झाकली. पू खोल गेलाय, खालून येणारा पक्का दातही आता धड यायचा नाही, मोठ्या दवाखान्यात भूल देऊन दात काढावा लागंल, तोवर गोळ्या. हे सगळं देविकानंच आजीला मराठीत सांगितलं, दुसऱ्याच कुण्या पोरीचं असल्यागत.

जिन्यात काशिनाथ मटकन खाली बसला. भूल दिल्यावर पोर उठलीच न्हाई तर? न्यायचंच न्हाई तिकडं, म्हणाला.

रत्नाबाईंच्या जिभेवर शिव्या आल्या आणि तिथंच वाळल्या. गावात लोहाराच्या पडवीत, सात वर्षांच्या ह्याच पोराच्या छातीवर गुडघा देऊन त्यांनीच लोहाराला सांडशी घालायला लावली होती. पहिल्यांदा भलताच दात निघाला. तेव्हाही, आवाज काढलास तर बघ, म्हणून त्यांनीच दरडावलं होतं.

देविका खालच्या पायरीवर गाल धरून उभी होती.

"काश्या," म्हातारी म्हणाली, "माजा गुडघा तुज्या छातीवरनं अजून उठला न्हाई. त्यो आता उठायचा बी न्हाई. पर तू लेकीलाबी त्याच्याच खाली घेतलंयस."