अर्धशिशीचा तिसरा रविवार

ठाण्याच्या कोर्टात नकला उतरून काढणाऱ्या त्र्यंबकरावांना अर्धशिशी होती. सकाळी डोळ्यांपुढे किल्ल्याच्या तटासारखी दातेरी रेघ लकाकायची, ऊन चढेल तशी कळ चढायची आणि दिवस कलला की आपोआप उतरायची. तेवढा वेळ उजेड सोसायचा नाही, फोडणीचा वास सोसायचा नाही आणि समोरच्या कागदावरची अर्धी ओळ दिसायचीच नाही.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कचेरीत कोणी बोललंच तर प्रभाकरपंत, आणि तेही थट्टेनं.

"काय राव, आज कुठली बाजू? वादीची की प्रतिवादीची?"

सगळे हसायचे. त्र्यंबकरावही हसायचे, आणि हसलं की कळ कानापर्यंत जायची. शिरस्तेदारांनी मात्र बजावलं होतं, पुन्हा नक्कल अर्धवट राहिली तर दुसरा माणूस बघावा लागेल.

ते ज्या खानावळीत जेवत, तिथल्या सगुणाबाईंनी अखेर उपाय सांगितला. "तीन रविवार. सूर्य उगवायच्या आत मासुंद्याच्या तळ्यावर जायचं, उगवतीकडे पाठ करून बसायचं आणि दुधात कुस्करलेली जिलबी खायची."

"हलवायाची जिलबी? पारोशानं?"

"औषधाला कसलं आलंय सोवळं! आणि नीट ऐका. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मागून कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. ओ दिलीत की दुखणं त्याच हाकेवर माघारी येतं."

पहिल्या रविवारी त्र्यंबकराव जीव मुठीत धरून निघाले. कोणी हाक मारली तर? गवळी भेटला, धुणं घेऊन निघालेल्या बायका भेटल्या, देवळाचा पुजारी तर अगदी समोरून गेला. कोणी हाक मारली नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. गुण येत होता. मधल्या दिवसांत डोकं एकदाही उठलं नाही, नकला वेळेवर पुऱ्या झाल्या. आनंद व्हायला हवा होता. पण हे मौन आपल्याला इतकं सोपं जावं, याचं त्यांना आतून वाईट वाटलं. चार माणसांच्या ओळखीतल्याला ते जड गेलं असतं.

तिसऱ्या रविवारी दूध-जिलबीची वाटी पंच्याखाली धरून ते तळ्याच्या पायऱ्यांशी पोचले, तोच मागून आवाज आला.

"त्र्यंबकराव! अहो त्र्यंबकराव, थांबा हो!"

प्रभाकरपंत होते. डोक्यावर पागोटं नाही, पायांत वहाणा नाहीत. त्र्यंबकरावांनी ओठ घट्ट मिटले.

"तुमच्याच घरी गेलो होतो. शेजारी म्हणाले, तळ्याकडे वळलात. आमच्या कुटुंबाला अगदी तुमच्यासारखं होतंय हो. कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलीय. आई म्हणते सोंग आहे, कामाचा कंटाळा. तुम्हीच सांगा, हे खरं असतं ना?"

पूर्व अजून फिकी होती. चार घास खाल्ले की झालं. उद्या सोमवार, शिरस्तेदार, नकलांचा ढीग. नुसती मान डोलावूनही भागलं असतं.

"ओ," त्र्यंबकराव म्हणाले. आवाज बसका निघाला. "खरं असतं. खोलीत अंधार करा. कपाळावर ओलं फडकं ठेवा. फोडणीचा वास तिकडे जाऊ देऊ नका. ओकली तर ओकू द्या, त्यानं उतार पडतो. आणि कसं वाटतंय, कसं वाटतंय, असं सारखं विचारू नका. उत्तर द्यायलाही डोकं लागतं."

"मग मी करू तरी काय?"

"उंबऱ्याशी बसा. नुसतेच. आतल्या माणसाला कळतं ते."

"तुमच्याजवळ कोण बसतं?"

त्र्यंबकरावांनी तळ्याकडे पाहिलं. पाण्यावर ऊन आलं होतं. प्रभाकरपंत क्षणभर घुटमळले, हात जोडून लगबगीनं घराकडे गेले.

दुपारी खानावळीत त्र्यंबकरावांपुढे पान वाढलेलं होतं आणि डाव्या कानशिलात ठणका सुरू झाला होता. सगुणाबाईंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"कोणी हाक मारली?"

"मारली."

"आणि तुम्ही ओ दिलीत! कर्म माझं! एवढं बजावून सांगितलं होतं. काय नडलं होतं?"

त्र्यंबकरावांनी पान बाजूला सारलं आणि तळहातानं डोळे झाकले.

"बऱ्याच दिवसांनी कोणी मारली होती," ते म्हणाले.