सातव्या ओळीचे कारण

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सातव्या माणसाची ओळ तक्त्यातून काढून टाकण्यात आली. कारणाच्या रकान्यात लिहिले होते : सूचना पाळल्या नाहीत.

तिने ते पंधरा मिनिटांनी पाहिले. प्रयोगशाळेच्या मधल्या टेबलाशी, डब्याचे झाकण लावता लावता. ओळ तिच्या गटातल्या कप्तानाने काढली होती, होयबाने ते मंजूर केले होते. दोन नोंदींमध्ये चार सेकंदांचे अंतर होते.

गट तिघांचा होता. संशोधनपद्धतीच्या या विषयात प्रत्येक गटाने सत्रभर खपून एक सॉफ्टवेअर तयार करायचे आणि ते खरेच उपयोगी आहे का, हे माणसांवर तपासून सांगायचे. यांनी दवाखान्याची वेळ घेण्याचे एक ॲप वयस्क माणसांसाठी नव्याने मांडले होते. चाचणीला बारा जण बोलावले. सहा जणांना जुन्या स्क्रीन, सहा जणांना नव्या. नव्यांवर वेळ कमी लागला की गड सर. विषयाचा एक नियम मात्र कडक होता. कोणताही बदल, मग तो प्रोग्रॅममध्ये असो वा अहवालात, गटातल्या दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय आत जात नसे. होयबाला हे नाव त्या नियमामुळेच पडले होते.

सातवा माणूस तिचा मामा होता. मामांनी चौतीस वर्षे कागद कारखान्यातला बॉयलर सांभाळला होता. सूचना न पाळणारा माणूस बॉयलरवर चौतीस वर्षे टिकत नाही.

"सातवा का काढलास?" तिने विचारले.

कप्तान समोरच बसला होता. इतका उंच, की त्याचे गुडघे कायम टेबलाच्या कडेला टेकलेले असत. त्याने मान वर केली नाही.

"तेवीस मिनिटं, मास्तरीणबाई. बाकीचे पाच जण साडेचार मिनिटांत मोकळे. जुन्यावर लागतात साडेसहा. तुझे मामा धरले तर आपलं नवं जुन्यापेक्षा हळू."

"म्हणून सूचना पाळल्या नाहीत?"

"मग काय लिहू? मामांना डुलकी लागली?"

होयबा हसला. तिच्याकडे पाहून त्याने हसणे आवरते घेतले.

"निकाल उलटा आला तरी गुण जात नाहीत, बाई म्हणाल्यात वर्गात," ती म्हणाली.

"बाई दरवर्षी म्हणतात. गेल्या वर्षी आमचा उलटा आला होता. जसा आला तसा लिहिला." कप्तानाने आता मान वर केली. "मी अजून इथंच आहे, बघ."

कप्तानाच्या नोकरीचे पत्र महिन्यापूर्वीच आले होते. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचे, पण हा राहिलेला विषय सुटला तरच. त्या पत्राची प्रत त्याने लॅपटॉपच्या झाकणात घडी करून ठेवली होती. झाकण उघडताना तो ती काढून बाजूला ठेवत असे.

ती फोन घेऊन बाहेर जिन्यात गेली.

"मामा, त्या दिवशी तुम्हाला इतका वेळ का लागला हो?"

"का गं? नापास केलंत की काय मला?"

"तसं नाही. कारण लिहायचंय."

"अगं, तूच वाचून दाखवलंस ना कागदावरून? घाई करू नका, परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे. मग घेतली मी त्याची परीक्षा." मामांचा आवाज खुशीत होता. "तुमचं ते गाडं गुरुवार काही धरेना. गुरुवार दाबला. मागं जाऊन डॉक्टर बदलला, तुझ्या कागदावर तसंच होतं. परत येऊन बघतो तर बुधवार! पुन्हा केलं, पुन्हा बुधवार. चौथ्या खेपेला डॉक्टर आधीच नीट निवडला, तेव्हा कुठं बसला गुरुवार."

ती पायरीवर बसली.

"मग सांगितलं का नाही?"

"मधे बोलायचं नाही असं बजावलं होतंस. संपलं तेव्हा तू पुढच्या बाईंना आणायला खाली गेली होतीस. तो उंच पोरगा होता की तिथं, त्याला सांगितलं. गुणी आहे हो. लिहून घेतलं त्यानं."

"बरं."

"पास आहे ना मी?"

"तुम्ही पास आहात, मामा."

आत येऊन तिने चाचणीच्या नोंदी उघडल्या. त्यांनी वेळ मोजला होता तो 'धन्यवाद' ही शेवटची स्क्रीन येईपर्यंत. त्या स्क्रीनच्या आधी कोणता वार नोंदला गेला, हे कोणीच पाहिले नव्हते. तिने आता पाहिले. साडेचार मिनिटांत मोकळ्या झालेल्या पाच जणांपैकी चौघांना बुधवार मिळाला होता. पाचवीने डॉक्टर बदललाच नव्हता.

मग तारीख सांभाळणारा भाग कोणी लिहिला, ते तिने शोधले. प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीशेजारी लिहिणाऱ्याचे नाव असते. तिथे तिचे होते. तिसऱ्या आठवड्यातला एक गुरुवार, सकाळी अकरा; मंजुरी होयबाची. या विषयात ज्याच्या त्याच्या भागाला वेगळे गुण असत.

"मामांनी तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

कप्तानाची बोटे थांबली. होयबाने कानातले इअरफोन काढले.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तो भाग कोणाचा आहे, बघितलंस?"

"आत्ता बघितलं."

"मी त्याच दिवशी बघितलं." त्याने आवाज खाली आणला. "माझा विषय सुटेल, तुझाही सुटेल. यात कोणाचं काय जातंय?"

"चार माणसं गुरुवारी जाऊन हात हलवत परत आली असती."

"कुठल्या दवाखान्यातून? दवाखाना आहे कुठं?"

ते खरे होते. ती आपल्या खुर्चीवर गेली आणि लिहायला लागली.

तासाभरात तिने सातवी ओळ परत घातली. वेळेच्या रकान्याशेजारी 'योग्य वार मिळाला का' असा नवा रकाना काढला आणि बाराही जणांपुढे तो भरला. जुन्या स्क्रीनवर सहाच्या सहा जणांना गुरुवार मिळाला होता. निष्कर्षाचे पान तिने दोनदा लिहिले. पहिल्यांदा वाक्य झाले होते, 'तारखेच्या भागात दोष राहिला.' दुसऱ्यांदा तिने लिहिले, 'दोष तारखेच्या भागात आहे. तो भाग माझा.' वेळ मोजून यश ठरवणे ही गटाची चूक होती, हे तिने त्याखाली लिहिले. पुढे, चाचणीच्या दिवशीच हा दोष गटाला कळवण्यात आला होता, एवढेच. कोणाला, ते लिहिले नाही.

पाच वाजता जे आत असेल तेच अहवाल म्हणून जमा होणार होते. आत्ता आत दोन वाजून दहा मिनिटांचा, सातवी ओळ नसलेला अहवाल होता.

होयबाने खुर्ची सरकवत तिच्याजवळ आणली.

"मला पाठव," तो पुटपुटला. "देतो दोन सेकंदांत. त्याला कळायच्या आत."

"तू वाचणार नाहीस."

"वाचायचं काय त्यात? तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार."

"माझी तारीखही तू अशीच मंजूर केली होतीस."

होयबाने खुर्ची होती तिथे नेली.

मंजुरी कोणाकडे मागायची, त्या चौकटीत दोन नावे होती. तिने कप्तानाचे निवडले. घड्याळात चार सत्तेचाळीस झाले होते.

समोरच्या लॅपटॉपवर टिंग वाजले. कप्तानाने पाहिले, मग तिच्याकडे पाहिले.

"मला?"

"तुला."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

"याला पाठवलं असतंस तर मला पत्ताही लागला नसता."

"हो."

कप्तानाने गुडघे टेबलाखालून काढले, खुर्ची जरा तिरकी केली आणि बदल उघडला. होयबा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता. बाहेर जिन्यावरून दुसऱ्या गटाची मुले दडदडत खाली गेली. त्यांचा अहवाल जमा झाला असावा.

चार छप्पन्नला कप्तान निष्कर्षाच्या पानावर होता. अजून एक पान उरले होते. मंजुरीची नोंद झालेली नव्हती.