बेडकांची साक्ष

"तिन्ही बेडकांचं 'नाही'च आलं ना, नत्थूजी?" डॉक्टर शामलाबाईंनी रिपोर्टावर पेन टेकवत विचारलं.

"हो जी," नत्थूजी म्हणाले, पण तिथून हलले नाहीत.

नागपूरच्या त्या इस्पितळात सोळा वर्षं ते बेडूक सांभाळत होते. बाईची लघवी नर बेडकाला टोचायची. तिच्यात गर्भाची खूण असली, तर काही तासांत बेडकाच्या लघवीत त्याचं बीज सूक्ष्मदर्शकाखाली दिसे.

बाहेर भिवापूरची जयवंता नवऱ्यासोबत बसली होती. दोन महिन्यांपूर्वी तिच्या पोटातून द्राक्षगर्भ, म्हणजे द्राक्षांच्या घोसासारखा वाढलेला खोटा गर्भ, काढला होता. खूण अजून उरली असेल तर कर्करोगाची भीती. नसेल तर घरी जायचं.

टेबलावर तिच्याच लघवीच्या नव्या तपासणीची काचनळी होती. तिच्या तळाशी तपकिरी कडं उमटलं होतं. म्हणजे खूण होती. पण ही तपासणी अजून संशोधनापुरती. बेडकांशी वर्षभर ताडून पाहिल्याशिवाय ती रिपोर्टात लिहायची नाही, असा विभागाच्या साहेबांचा हुकूम होता.

पेन कागदावर चालू लागलं. नत्थूजी टेबलाजवळ आले.

"बाई, ते लिहू नका."

"का?"

"उन्हानं बेडकं चार दिवसांपासून खाऊन नाही राहिले. काल दोन मेले. त्याईच्यावर भरोसा ठेवू नका."

"चार दिवस? आणि आज सांगता?"

नत्थूजींची मान खाली गेली. "नळीचं खरं ठरलं तं बेडकं जातीन. मंग मले कोन ठेवते, बाई?"

शामलाबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जयवंताचा नवा नमुना मागवला. दोन तास नत्थूजी स्टुलावर बसून नळीकडे बघत होते. कडं पुन्हा उमटलं. बाईंनी तेच रिपोर्टात लिहिलं, खाली सही केली आणि कागद घेऊन स्वतःच साहेबांकडे गेल्या. जयवंताला त्याच संध्याकाळी भरती केलं.

पोळ्यापर्यंत तिची इंजेक्शनं चालली. मग ओळीनं तीन तपासण्यांत कडं आलं नाही. तोवर नवी तपासणी मान्य होऊन बेडकांच्या खोलीत तिच्या रसायनांचा फ्रिज आला होता आणि नत्थूजी बाह्यरुग्ण विभागात स्ट्रेचर ओढत होते.

घरी निघताना जयवंतानं त्यांनाच विचारलं, "भाऊ, माही बिमारी कोनं ओळखली जी? पाया पडाव म्हनतो."

नत्थूजींनी प्रयोगशाळेकडे बोट दाखवलं. "त्या बाईनं, वं. जा, आहेत आतमंधी."

ती दाराआड जाईपर्यंत ते उभे राहिले. मग कोणीतरी हाक मारली, तसं त्यांनी स्ट्रेचर वळवलं.