पाळीतील अनियमितता

सहा महिन्यांची उमेदवारी संपायला चार दिवस उरले होते. मी कायम होणार की घरी बसणार, ते ठरायचं होतं, आणि नेमकं तेव्हाच ऑफिसातून पत्र आलं: "आपल्या पाळीतील अनियमिततेबाबत लेखी खुलासा करावा."

मी चाटच पडले. औषधाच्या बाटल्या खोक्यात भरणाऱ्या बाईच्या पाळीशी ऑफिसला काय करायचंय? पण नोकरी टिकवायची तर लाजून कसं चालेल? मुकाट्याने लिहायला बसले.

काही आडपडदा ठेवला नाही. मला पीसीओएस आहे. अंडाशयातून बीज वेळेवर सुटत नाही, म्हणून पाळी दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही आणि मध्येच कधीही नुसते डाग लागतात. आमचा गणवेश पांढरा. बसमध्ये डाग लागला की मी अर्ध्या वाटेतून मागे फिरते, कपडे बदलते, आणि कारखान्यात पोचेपर्यंत हजेरीची वेळ टळलेली असते. सगळ्या तारखा लिहिल्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात, रोज चालायला सांगितलंय, तेही लिहिलं. ताईने शुद्धलेखन तपासलं आणि म्हणाली, एवढं तर तू मलाही कधी सांगितलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. समोर माझी तीन पानं, आणि साहेब कानापर्यंत लाल. पाणी प्यायले, चष्मा पुसला, शेवटी टेबलाकडे बघत म्हणाले, "बाई, आम्ही कामाच्या पाळीबद्दल विचारलं होतं. सकाळची पाळी, दुपारची पाळी. तुम्ही सात वेळा उशिरा आलात."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मग रागच आला. एवढं जीव ओतून लिहिलं ते काय उगाच?

"साहेब, तारखा ताडून बघा," मी म्हणाले. "दोन्ही पाळ्यांचं दुखणं एकच आहे."

त्यांनी हजेरीपट उघडला आणि एकेका तारखेवर बोट ठेवत गेले. सातही जुळल्या. पत्रावर त्यांनी 'खुलासा मान्य' लिहिलं आणि कायम होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घातलं.

"गणवेशाचा एक जादा जोड इथल्या कपाटात ठेवा," ते म्हणाले. "अर्ध्या वाटेतून परत जात जाऊ नका."

इतकं सोपं होतं. सहा महिन्यांत मला ते सुचलं नव्हतं असं नाही. पण कपाट मागितलं असतं, तर कशाला हवं ते सांगावं लागलं असतं.