चार नटांच्या कडा

लोखंडी नटाला बरेच दिवस कुणी हात लावला नाही, की तेल आणि धूळ मिळून त्याच्यावर एक तपकिरी साय धरते. लोखंड कातायच्या लेथ मशीनच्या सरकत्या भागाच्या बाजूला असे चार छोटे नट होते, प्रत्येकाच्या मधोमध तो भाग घट्ट-सैल करणारा एक स्क्रू. आजूबाजूचं सगळं तपकिरी होतं, आणि या चौघांच्या कडा मात्र लख्ख. पाना ताजा लागलेला होता. पुसायला आलेल्या काकू हातातलं फडकं तसंच धरून थांबल्या.

त्यांच्या नवऱ्याने, मिस्त्रींनी, सहा महिन्यांत एकही काम घेतलं नव्हतं. मग पाना कशाला?

काकूंचं शिवणयंत्र भिंतीच्या पलीकडे होतं. तीस वर्षं इकडे सुई आणि तिकडे लेथ, असा संसार चालला. मग मिस्त्रींची नजर अधू झाली, आणि एक दिवस सळई पकडणाऱ्या फिरत्या चकात शर्टाची बाही अडकली. बाही गेली, हात राहिला. त्या दिवसापासून काकूंनी मशीन विकायचा धोशा लावला. मिस्त्रीही लगेच हो म्हणाले. योग्य भाव आला की त्याच दिवशी देतो, म्हणाले. घोडं अडलं ते तिथेच. अधूनमधून ते ‘नुसतं फिरवून बघायला’ जात, आणि लेथ घुमू लागली की काकूंची सुई कापडातच थांबे.

दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. दोघांनीही हँडल हलवून पाहिलं, सरकता भाग खडखडला, दोघांनी नाक मुरडलं आणि भंगाराचा भाव सांगितला. मिस्त्री दोन्ही वेळा पडलेल्या चेहऱ्याने घरात आले, आणि दोन्ही वेळा पोटभर जेवून ताणून झोपले. त्या झोपेचा अर्थ काकूंना आत्ता लागला. जग मशीन विकताना ढिले स्क्रू आवळतं. हे मात्र आवळलेले ढिले करून ठेवत होते.

काकूंना आधी हसू आलं, मग राग. मिस्त्री आत दाढी करत होते. काकूंनी पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. हँडल फिरवताना हाताला जरासं जड लागलं पाहिजे, हे मिस्त्रींच्याच तोंडून त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. एकेक स्क्रू आवळून, हँडल फिरवून बघत त्यांनी चारही नट बसवले. तिसऱ्याला रागाचा अर्धा आटा जास्तच गेला.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे पंप दुरुस्त करणारा एक जाडजूड, हसरा माणूस. त्याने पोटाला सांभाळत वाकून मशीन खालून-वरून पाहिली आणि हँडल फिरवलं. खडखड नाही. मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडली.

“जरा जास्तच आवळलंय हो मिस्त्री,” पंपवाला म्हणाला. त्याने तिसरा स्क्रू किंचित सैल केला. “हं. आता लोण्यासारखं सरकतंय. माल चांगला ठेवलाय.”

मिस्त्रींनी काकूंकडे पाहिलं. काकू दारात उभ्या राहून सुईत दोरा ओवण्यात गढल्या होत्या.

पंपवाल्याने सव्वा लाख सांगितले. मिस्त्रींनी दोन मागितले आणि लगेच मशीनची उणीदुणी काढायला घेतली. मोटर जुनी आहे, चकाचा एक जबडा झिजलाय, थंडीत सुरू व्हायला रुसते. पंपवाला ऐकत राहिला, मग काकूंकडे वळला.

“काकू, मशीन विकतंय कोण? हे की मी?”

“ते अजून ठरायचंय,” काकू म्हणाल्या.

मग बराच वेळ घासाघीस झाली. पंपवाला पाच-पाच हजारांनी चढला, मिस्त्री जागचे हलेनात. शेवटी काकूंनी दोरा दाताने तोडला आणि दीड लाख म्हणाल्या; नव्या जबड्याचा खर्च त्याचा, उचलून न्यायचा खर्चही त्याचा. पंपवाल्याने क्षणभर हिशेब केला आणि मान डोलावली. फक्त मशीन सरळ कापते का, ते एकदा बघू, म्हणाला.

त्याने स्वतःच एक सळई चढवली, पातळ थर काढला आणि मशीन बंद केली. मग जाडी मोजायचा मायक्रोमीटर मिस्त्रींच्या हातात दिला. “दोन्ही टोकांचं माप तुम्हीच सांगा. तुमच्या शब्दावर घेतो.”

मिस्त्रींनी एका टोकाला माप लावलं. मायक्रोमीटर खिडकीकडे नेला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब. पंपवाला सळईवरचा चुरा पुसत बसला. मिस्त्रींनी काहीतरी आकडा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग चार पावलं चालत ते दारापाशी आले आणि मायक्रोमीटर काकूंच्या हातात ठेवला.

काकूंनी रेघा मोजून आकडा सांगितला. मिस्त्रींनी जाऊन दुसऱ्या टोकाचं माप घेतलं आणि आणून दाखवलं. काकूंनी तेही वाचलं. दोन्ही आकडे सारखेच.

“सरळ कापते,” मिस्त्री म्हणाले. त्यांचा अंगठा त्या चार नटांवरून एकदा फिरला. “तिसरा कुणी आवळला, ते कळलं मला.”

“आणि सोडले कुणी, ते मला,” काकू म्हणाल्या.

मिस्त्री ओशाळून हसले. भिंतीवरची मशीनची कळ त्यांनी बंद केली आणि पंपवाल्याकडे वळले.

“घेऊन जा मशीन,” ते म्हणाले. “मला आता रेघा दिसत नाहीत.”