आईचे दात आणि कपाटातला फोटो

कॅमेऱ्यात रोल भरायचे दिवस होते ते. आई जन्मभर तोंडावर हात धरून हसत आली होती आणि उद्या सकाळी डॉक्टर तिचे उरलेसुरले दात काढणार होता. स्वतःच्या दातांनी हसणारी आई फोटोत हवी असेल, तर ती आजच मिळणार होती.

फोटोग्राफर लेक निर्धास्त होती. तिला सगळे तयारीताई म्हणत. हे कौतुक नव्हे, एवढं एक तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. रोल भरायलाही ती अंधाऱ्या कपाटात शिरे. रोलच्या सुरुवातीच्या टोकाला उजेड लागला नाही की शेवटी एक फोटो जास्तीचा निघतो, हा तिचा हिशेब.

आईने कपाटावर टकटक केली. "बाहेर येतेस, की जेवण आत देऊ?"

मग आई स्टुलावर बसली, ती पासपोर्टचा फोटो असल्यासारखी.

"आई, हस ना."

"का? काय झालंय?"

"काही नाही. नुसतं हस."

"नुसतं हसायला मला वेड लागलंय का?"

लेकीने विनोद सांगितला, मग तो समजावूनही सांगितला. आईला हसू फुटलं की आधी तिचा हात तोंडावर जाई, मग कॅमेऱ्याचा खटका पडे. कॅमेऱ्यावरचा फोटोंचा आकडा संपला, तरी लेकीने सवयीने रोल पुढे ओढला. सरकला. कपाटातला फोटो शिल्लक होता.

"आता एकच," म्हणत ती दिवा वळवायला निघाली. खटक्याची लांब वायर मुठीतच होती. पाय स्टँडमध्ये अडकला, ती सपशेल आडवी झाली आणि दिव्यावरची पांढरी छत्री तिच्या डोक्यावर येऊन बसली. छत्रीच्या आत तिला आईचं हसणं ऐकू येत होतं, पूर्वी कधी ऐकलं नव्हतं असं. दिसत मात्र काहीच नव्हतं. मूठ तेवढी आवळली गेली होती.

संध्याकाळी तिने रोल धुतला. दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून आई हसत होती, पार दाढांपर्यंत. कोपऱ्यात हवेत एक पाय होता, मोज्याला भोक पडलेला. लेक तो कापणार होती. आईने कापू दिला नाही.

फोटो वर्षानुवर्षं लेकीच्या स्टुडिओत टांगलेला होता. "काय नेमकी वेळ साधलीत," असं गिऱ्हाईक म्हणालं की ती मान डोलावून सांगे, "तयारी लागते."

"लागते ना," नवे दात नीट बसवत आई म्हणे. "पाय कुणाचा, तेही विचारा."